मासोळी आणि बटाटा

"आला बघा पावणा," यल्लव्वा आत्ती म्हणाली आणि चटईवर थोडी सरकून तिनं ढगाला जागा करून दिली.

गगनबावड्याला भाद्रपदात ढगाला 'येऊ नको' म्हणायची सोय नसते. तो कोकणाच्या अंगानं दरीतून वर येतो आणि कुणाला न विचारता माणसांच्या मधोमध येऊन बसतो. मग वाढणारा हात दिसतो, पण वाढणारं माणूस दिसत नाही. थोड्या वेळानं त्याचा तो उठून जातो आणि सगळे जिथल्या तिथं असतात, फक्त जरा ओलसर झालेले. लहानपणी संघप्रियाला वाटायचं, ढग गेल्यावर दिसतात ती माणसं तीच असतात कशावरून? आता ती तिशीला आली होती, शिरोलीच्या चाकूंच्या शेडमधले कामगार तिला मॅडम म्हणत होते, तरी इथं आलं की तो प्रश्न परत पडायचाच.

तिचे वडील, आप्पा, जांभळीच्या बुंध्याला टेकून बसले होते. अंगात पांढरा सदरा, कानाला मफलर, आणि उजवा हात मांडीवर पालथा, झोपलेल्या मांजरासारखा. त्या हाताकडं बघायचं नाही असं संघप्रियानं सकाळी जीपमध्ये बसतानाच ठरवलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्याकडंच बघत होती.

आप्पांच्या शेडमधला कुठलाही नवा चाकू बाजारात जाण्याआधी या जांभळीखाली यायचा. आप्पा त्यानं पपनस सोलायचे. साल एका लांब पट्टीत, न तुटता निघाली तर ती फांदीला टांगायची आणि सोमवारपासून माल काढायला घ्यायचा. तुटली तर चाकू नापास. त्यावर वाद नाही, अपील नाही. मंगळवार पेठेतल्या एका खोलीत आप्पांनी पहिला घडीचा चाकू केला, तेव्हा तो खिशात घालून ते नव्या बायकोला एसटीनं इथं फिरायला घेऊन आले होते. वाटेत घेतलेलं पपनस त्यांनी सोललं आणि तिनं ती लांबच लांब साल हसत हसत फांदीवर टाकली. झालं, रिवाज पडला. आईला जाऊन चार वर्षं झाली, पण रिवाज काही तिच्याबरोबर गेला नाही.

या वर्षी मात्र गोची होती. चाकू दोन होते आणि साचे एकाचेच होणार होते. शिवाय आप्पांनी गेल्या आठवड्यात जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "ज्येचा चाकू पास, त्येनं फुडं शेड बघायची. मी आता बसणार." थोरल्या भावानं, प्रसेनजीतनं, मान हलवली होती आणि संघप्रियाचा घास तोंडातच फिरत राहिला होता. नऊ वर्षं ती त्या शेडमध्ये राबत होती. भाऊ चित्रकलेचं कॉलेज, मग बाहेरची नोकरी करून परत आला तो दोन वर्षांपूर्वी.

"आणा की बाहीर तुमची लेकरं," आप्पांची थोरली बहीण, आत्ती, म्हणाली. "बघूं तरी."

प्रसेनजीतनं खिशातून रुमालात गुंडाळलेला चाकू काढला. त्याला त्यानं नावच मासोळी ठेवलं होतं. बारीक, लांबट, पितळी अंगाचा, शेपटीकडं निमुळता होत गेलेला. पातं मिटलं की कुठं मूठ संपते आणि कुठं पातं सुरू होतं ते कळायचं नाही. ढगातून येणारा उजेड त्याच्या पाठीवरून घसरत गेला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम 'अगं बाई' असं काहीतरी निघालं. संघप्रियाच्याही. तिला ते आवडलं नाही, पण निघालं खरं.

"मंगळवार पेठेत काचेमागं ठेवला ना, तर रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवून बघंल," प्रसेनजीत म्हणाला.

"बघंल आणि जाईल," संघप्रिया म्हणाली.

"निदान बघंल तरी. तुझा चाकू बघून तो भाजीवाली शोधायला लागंल."

श्रुतीवहिनी खुदकन हसली आणि मग नणंदेकडं बघून तिनं हसू गिळलं. चूक तिची नव्हती. संघप्रियाचा चाकू होताच तसा. शिसवी मूठ मधे फुगलेली, एका अंगाला कललेली, त्यात बोटांसाठी उथळ खोबण्या, आणि पातं उघडायला अंगठा पुरा बसेल एवढं मोठं भोक. शेडमध्ये त्याला पहिल्या दिवसापासून सगळे बटाटा म्हणत होते. तिनंही नाव बदलायचा प्रयत्न सोडून दिला होता.

"आत्ती, तुमाला कुठला आवडला?" प्रसेनजीतनं विचारलं.

"मला इचारतोस व्हय? ह्यो सोन्यासारखा," असं म्हणत आत्तीनं मासोळी उचलली आणि सवयीनं कमरेला लुगड्यात खोचली. सीमेकडच्या बायकांचा खिसा तोच. खाली बसली आणि ताडकन उठली. "अव्वा! शेपूट टोचतंय की गं बाई! परसू, ह्यो काचंमागंच ऱ्हाऊं दे. सोनं असलं म्हणून काय कमरंत खुपसून घ्यायचं न्हाय."

"आत्ती, परसू न्हाय, प्रसेनजीत."

"त्येच म्हंते मी."

मग जेवणाची तयारी सुरू झाली. चूल पेटली, वाफ आणि ढग एकमेकांत मिसळले. श्रुतीवहिनी कौतुकानं मासोळीनं काकडी चिरायला बसली. नवऱ्याचा चाकू, तेव्हा दोन काकड्या तिनं निष्ठेनं चिरल्या. तिसऱ्या काकडीला तर्जनी चोळली. चौथी चिरताना तिच्या हातात बटाटा होता आणि तो कधी आला हे तिलाही सांगता आलं नसतं. आत्तीनं त्यानंच कांदा चिरला. प्रसेनजीतनं पोत्याची सुतळी कापायला हात लांबवला तो बटाट्याकडंच, आणि कापून झाल्यावर तो चटईवर टाकून पुन्हा मासोळीच्या पितळेवरचा ओघळ रुमालानं पुसायला लागला.

संघप्रिया ते सगळं गुडघ्यावर हनुवटी टेकवून बघत होती. तिचा चाकू हातोहात फिरत होता आणि त्याच्याकडं कुणाचीच नजर नव्हती. तिला एकदम आईची आठवण आली. आईही अशीच घरभर असायची. वाईट वाटलं की बरं वाटलं ते तिचं तिलाच कळेना.

तिच्या मनात भीती वेगळीच होती.

एप्रिलात, जयंतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, आप्पांच्या हातातून चहाचा पेला सुटला होता. प्रसेनजीत आणि वहिनी मुंबईला प्रदर्शनाला गेले होते आणि आत्ती निपाणीला होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हलका झटका आहे, थोडक्यात निभावलं, पण उजव्या अंगठ्यात पूर्वीचा जोर येईल याची खात्री नाही. दवाखान्याच्या पायरीवर आप्पांनी तिचा हात धरला, डाव्या हातानं. "कुणाला सांगायचं न्हाय, संघू. माझ्या बानं गावकीची कामं सोडली आन कोल्हापुरात येऊन हातात कानस धरली. ह्यो हात हाय म्हणून आपलं घर हाय. सांगशील तर माझं मेलेलं त्वांड बघशील." सगळ्यांना साखर वाढून चक्कर आल्याचं सांगितलं गेलं.

डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू आप्पांनी पोरखेळ म्हणून कॉटखाली टाकला. मग संघप्रियानं युक्ती काढली. रोज संध्याकाळी ती मनगट धरून कण्हायची आणि म्हणायची, "आप्पा, तेवढी कणीक मळून द्या की." आप्पा बायकी कामाला लावलं म्हणून कुरकुरायचे आणि मळायचे. शेवटी ते एक गोळा मुठीत घट्ट दाबून ताटात टाकायचे. त्या गोळ्यावर त्यांची बोटं उमटलेली असायची. त्यांचा अंगठा कुठं निसटतो, जोर कुठल्या बोटावर जातो, सगळं त्या कणकीत दिसायचं. एका संध्याकाळी तिनं तो गोळा लाटलाच नाही. त्यावर प्लास्टर ओतलं आणि त्या मापानं शिसवी मूठ कोरायला घेतली. बटाटा असा जन्माला आला होता, आणि हे ती कुणालाही सांगू शकत नव्हती.

जेवणं झाली. आत्तीनं टोपलीतून पपनस काढलं आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

"आप्पा," संघप्रिया घाईनं म्हणाली, "ह्या वर्षी आत्तीला सोलू दे की. चाकू बायकाबी वापरतातच."

"खरंच आप्पा," श्रुतीवहिनी लगेच म्हणाली, "दर वेळी तुम्हीच कशाला?"

संघप्रियाला आश्चर्य वाटलं. वहिनी तिच्या बाजूनं कधी बोलत नसे.

"का? माझा हात काय मोडलाय?" आप्पा म्हणाले. आवाज मोठा होता. "यल्लव्वाक्का, तूच सांग, पपनस कोण सोलतंय?"

"तम्मा सोलतोय," आत्ती म्हणाली. "आन कोण सोलणार?" धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणायची. पण आज म्हणताना तिनं आप्पांकडं बघितलं नाही, दरीकडं बघितलं.

आप्पांनी मासोळी उचलली.

तिला उघडायला नखाची बारीक खाच होती. खाचेनं रेष मोडू नये म्हणून प्रसेनजीतनं ती केसाएवढी ठेवली होती. आप्पांनी अंगठ्याचं नख त्यात घातलं. नख घसरलं. त्यांनी हसून चाकू वरखाली केला, जणू त्याचं कौतुक करतायत. परत घातलं. परत घसरलं. संघप्रियानं चटईची काडी मुठीत आवळली. आता सगळ्यांना कळणार, आता आप्पांची मान खाली जाणार, आणि तिच्याच्यानं काही होणार नव्हतं.

तेवढ्यात ढग आला.

या वेळी तो दाट होता. आधी दरी गेली, मग जांभूळ, मग आत्ती, मग स्वतःचे पाय. पांढऱ्यात नुसते आवाज उरले. चुलीतलं लाकूड तडकलं. लांब कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. आणि जवळ, अगदी जवळ, पितळेवर नख घसरत होतं. किर्र. थांबून परत किर्र. संघप्रियाला वाटलं, हा ढग उठूच नये. इथंच राहावं सगळ्यांनी, कुणी कुणाला दिसू नये, आप्पांनी वर्षभर प्रयत्न करत बसावं आणि कधीतरी तो चाकू आपोआप उघडावा. मग घंटेचा आवाजही विरला आणि किती वेळ गेला ते कळेनासं झालं.

ढग उठला तेव्हा मासोळी आप्पांच्या हातात उघडी होती.

आणि प्रसेनजीत, जो मघाशी चुलीपाशी होता, तो आप्पांच्या उजव्या हाताला बसला होता. "आतली स्प्रिंगची पट्टी जरा घट्ट बसलीया," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "माझीच चूक."

बहीणभावाची नजरानजर झाली. म्हणजे दादाला ठाऊक आहे!

आप्पांनी सोलायला सुरुवात केली. ओल्या हातात ती निमुळती मूठ फिरली, पातं सालीतून बाहेर आलं आणि वीतभर पट्टी चटईवर पडली.

"नापास," प्रसेनजीत आप्पांच्या आधीच म्हणाला. "माझा चाकू नापास. संपलं."

"आरं, थांब की—"

"रिवाज म्हंजे रिवाज, आप्पा." तो उठला आणि जीपकडं चालायला लागला. संघप्रिया त्याच्या मागं गेली. चार पावलांवर चटई दिसेनाशी झाली.

"दादा, तुला कधीपासनं माहीत हाय?"

"मे महिन्यात. शेडचं कुलूप उघडेना त्यांना. डाव्या हातानं किल्ली फिरवत होते. मी लपून बघितलं." त्यानं ओल्या केसांवरून हात फिरवला. "मला वाटलं, हातात जोर न्हाय तर चाकू हलका पाहिजे. म्हणून पितळ तासत गेलो, तासत गेलो. हलका करता करता तो बारीक झाला आणि बारीक होता होता देखणा झाला. देखणा झाल्यावर मी बाकीचं बघायचंच सोडलं, संघू. खाचेवर तर मी आठवडा घातला, दिसू नये म्हणून. ज्येच्यासाठी केला त्येलाच उघडंना."

नऊ वर्षांचा राग कुठंतरी घसरून दरीत गेला. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी. "येडा हायस," ती म्हणाली. "आणि लई देखणा हाय तो. सकाळपासनं जळतीया मी."

दोघं परत आली तेव्हा बटाटा आप्पांच्या हातात होता. त्यांनी अंगठा भोकात टेकवला. टक. पातं उघडलं. आप्पा दचकले. त्यांनी पातं मिटवलं आणि परत उघडलं. टक. त्यांची बोटं एकेक करून खोबण्यांत जाऊन बसली, आपापल्या उंबऱ्याच्या आत गेल्यासारखी, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे पाच महिने उतरले.

पपनस फिरायला लागलं. हिरवी पट्टी सावकाश खाली येत होती, एक वेढा, दुसरा वेढा, वास सगळीकडं सुटला होता. साल आप्पांच्या गुडघ्यावर टेकली, तिथून चटईवर आली. संघप्रियाला आई दिसली, फांदीकडं हात करून उभी. आता एक वेढा राहिला. आप्पांचा अंगठा थरथरला. त्यांनी ओठ दाबले, अंगठा सावरला, परत थरथरला.

साल तुटली.

पपनसाच्या बुडाला तळव्याएवढी हिरवी चकती तेवढी राहिली होती.

संघप्रियाला ओरडून सांगावंसं वाटलं की चूक चाकूची नाही. इतक्या महिन्यांचं काम, नऊ वर्षांची शेड, सगळं त्या एका वाक्यावर होतं. प्रसेनजीतनं तोंड उघडलं. तिनं मान हलवून त्याला गप्प केलं.

"नापास," ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

"म्हणजे यंदा काहीच नाही?" श्रुतीवहिनी हळूच म्हणाली.

आप्पा चाकूवरची बोटं उघडून खोबण्यांकडं बघत होते. परत मिटून बघत होते. ढग त्यांच्या खांद्यावरून गेला. मग त्यांनी विचारलं, "संघू, हे माप कुणाच्या हाताचं?"

ती चटईवरची तुटकी साल गोळा करायला लागली.

"कणीक?" आप्पा म्हणाले.

तिनं मान डोलावली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आप्पांनी एक लांब श्वास घेतला आणि सगळ्यांकडं वळले.

"ऐका. चाकू नापास न्हाय. हात नापास हाय. एप्रिलात मला झटका आलता. अंगठ्यात जोर न्हाय. पोरीला मी शपत घातलीती, तिच्यावर रागवू नगा."

आप्पा वाट बघत राहिले.

"तम्मा," आत्ती शेवटी म्हणाली, "तुज्या सदऱ्यांची बटनं काढून मी टिचबटनं लावली ती काय हौस म्हणून व्हय?"

"तुला ठावं हुतं?"

"आणि आप्पा," श्रुतीवहिनी म्हणाली, "तुमचा स्टीलचा पेला हरवला नाही. मीच ठेवून दिलाय. कानाचा कप धरायला बरा पडतो ना?"

प्रसेनजीत म्हणाला, "शेडच्या कुलपाला मी रोज तेल घालतो."

आप्पांनी एकेकाकडं बघितलं. त्यांचा जबडा हलला. "म्हंजे पाच म्हैनं," ते म्हणाले, "मी एकटाच लपवत हुतो व्हय रे?" आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी मफलरचं टोक डोळ्याला लावलं. आत्ती हसली, वहिनी हसली, आणि पाच महिने चोरपावलांनी वावरणारं ते घर दरीच्या काठावर मोठ्यानं हसत राहिलं.

"आता निकाल काय?" प्रसेनजीतनं विचारलं.

"निकाल त्योच. यंदा माल न्हाय, परत करायचं." आप्पांनी बटाटा मिटवून सदऱ्याच्या खिशात टाकला. "ह्यो माझ्या हाताचा हाय, ह्यो माझ्याकडंच ऱ्हाईल. पर माझा हात किती दिस? बाजारात असला चाकू जाऊन काय करणार?" मग ते वहिनीकडं वळले. "श्रुती, कणीक उरलीया का गं?"

टोपलीत फडक्याखाली चपात्यांची कणीक थोडी उरली होती. आप्पांनी डाव्या हातानं तिचा गोळा केला आणि संघप्रियाच्या तळव्यावर ठेवला.

"दाब," ते म्हणाले. "फुडच्या वर्षी पपनस तू सोलायचं. शेडबी तूच बघायची. आन परसू, हिनं मूठ केली की तिला देखणं करायचं काम तुझं. पर खाच अंगठ्याएवढी."

"प्रसेनजीत," आत्ती म्हणाली.

संघप्रियानं बोटं मिटली. गार, मऊ कणीक तिच्या बोटांमधून वर आली. आप्पांच्या हाताचं माप तिला तोंडपाठ होतं. स्वतःच्या हाताचं माप घ्यायचं मात्र तिला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

"घट्ट दाब की," आप्पा म्हणाले. "भितीस काय?"

तिनं घट्ट दाबली.

परतीच्या वाटेवर काचा ढगानं पांढऱ्या झाल्या होत्या आणि प्रसेनजीत जीप सावकाश चालवत होता. आप्पांनी तो गोळा फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. वहिनीनं मागितला तरी दिला नाही, आत्तीनं मागितला तरी दिला नाही. ठसा मोडेल म्हणाले.